चार वेळा हरवलेली परवानगी

ती केस आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, घरचे म्हणतात सोडून द्या आता. सुटत नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, अठरा-अठरा तासांचे बंदोबस्त केले, त्यातलं बरंचसं विसरलोही. पण एका साध्या कागदाची ही गोष्ट विसरता येत नाही, कारण त्या कागदावर सही माझी होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी भिवंडीतल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सकाळी हजेरी झाली की ठाण्याच्या दारात एक रांग लागायची. ती गुन्ह्याची रांग नसायची. कुणाचं रेशनकार्ड हरवलेलं, कुणाचं बँकेचं पासबुक, गावाहून परतलेल्या एखाद्या लूम कामगाराची अख्खी पिशवीच. हरवलेल्या कागदाची दुसरी प्रत हवी असेल तर कुठलीही कचेरी आधी पोलिसांचा गहाळ दाखला मागते. अर्जदार साध्या कागदावर लिहून द्यायचा, ठाणे अंमलदार गहाळ रजिस्टरला नोंद घ्यायचा, छापील दाखला भरायचा, गोल शिक्का मारायचा आणि गठ्ठा माझ्या टेबलावर आणून टाकायचा. मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने सह्या करायचो. वाचायचो का? नाही. खरं सांगायला आता कसली भीती?

त्या दाखल्यावर एक ओळ छापलेली असायची: 'अर्जदाराने दिलेल्या माहितीवरून नोंद घेण्यात आली आहे.' म्हणजे तो म्हणाला, आम्ही लिहून घेतलं. एवढाच त्याचा अर्थ. पण भिवंडीत पोलिसाच्या शिक्क्याचा अर्थ लोक वेगळा लावायचे. तलाठ्याच्या सहीवर शंका घेतील, सरपंचाच्या सहीवर हसतील, पण पोलिसांचा गोल शिक्का दिसला की कागद कपाळाला लावून घडी घालून ठेवतील.

आता सिस्टरांबद्दल सांगतो. सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. मारामारीतले जखमी घेऊन आम्ही जायचो तेव्हा गाठ पडायची. आम्हाला जबाबाची घाई. त्या दारातच अडवायच्या, "आधी टाके, मग तुमचा जबाब. बाहेर बसा." फौजदार असो की साहेबांचे साहेब, बाहेर बसावं लागायचं. नवरा लवकर गेलेला. घरात म्हातारी सासू आणि कॉलेजात जाणारी मुलगी. राहायला दवाखान्याची क्वार्टर होती, ती निवृत्तीच्या दिवशी सोडावी लागणार होती.

एके दिवशी त्या ठाण्यात आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"साहेब, एक मिनिट द्याल का? घर बघतेय. शेलार गावाच्या पुढे नवीन बिल्डिंग झालीय, दुसऱ्या मजल्यावर रूम आहे. बिल्डर म्हणतो, परमिशनचा मूळ कागद हरवला, पण पोलिसांचा दाखला आहे. हा दाखला खरा आहे ना, एवढंच बघा."

मी बघितला. नमुना आमचाच, शिक्का आमचाच, खाली सही माझीच.

"खरा आहे," मी म्हणालो. "सही माझीच आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "मग झालं तर. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या नावावर चार भिंती नव्हत्या, साहेब. गृहप्रवेशाला या तुम्ही. जय भीम." आणि गेल्या.

त्यांनी विचारलं दाखल्याचं, मी उत्तर दिलं दाखल्याचं. एक शब्द खोटा बोललो नाही. पण समोरची बाई जन्माची पुंजी घालून घर घेतेय, आणि ज्या कागदावर ते घर उभं राहायचं तो कागदच जागेवर नाही, हे मला कळत होतं. "सिस्टर, थांबा. ही परवानगी जिथून दिली त्या कचेरीत जाऊन आधी चौकशी करा," एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? पण बाहेर जीप उभी होती, मला नाक्यावर मोर्चाच्या बंदोबस्ताला जायचं होतं. मी टोपी उचलली.

वर्षभरात त्या बिल्डिंगवर नोटीस लागली. बांधकाम अनधिकृत, जमीन शेतीची, पंधरा दिवसांत जागा खाली करा. बत्तीस बिऱ्हाडं एकदम ठाण्यात आली. बायका, पोरं, शिफ्ट सोडून आलेले कामगार, सगळे एकाच वेळी बोलत होते. आमच्या ठाणे अंमलदाराने शांतपणे पेन खाली ठेवलं आणि ठरलेलं वाक्य ऐकवलं, "ही दिवाणी स्वरूपाची बाब आहे. कोर्टात जा."

हे वाक्य मीही आयुष्यात शेकडो वेळा म्हटलं असेन. हात झटकायला याच्यासारखं सोयीचं वाक्य पोलीस खात्यात दुसरं नाही. गरीब माणूस ते ऐकतो, दिवाणी म्हणजे काय ते त्याला कळत नाही, आणि तो परत जातो.

गर्दीच्या मागे व्हरांड्यात सिस्टर उभ्या होत्या. ओरडत नव्हत्या. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी तीच प्लास्टिकची पिशवी पुढे केली.

"साहेब, तुम्ही बघितला होता," एवढंच म्हणाल्या.

मी त्या दिवशी जेवलो नाही. सिनिअर साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "फसवणूक म्हणतोस, पण खोटा कागद कुठाय? बिल्डर म्हणतो परवानगी होती, हरवली. नव्हती हे दाखव, मग बोलू." बोलणं कायद्याला धरून होतं, म्हणून जास्तच संताप आला. नसलेली वस्तू नव्हती हे सिद्ध कसं करायचं?

तीन-चार दिवसांनी धामणकर नाक्यावरचा एक शेअर रिक्षावाला मला भेटायला आला. सरळ टेबलापाशी न येता बराच वेळ दारातच घुटमळत होता. मी दरडावलं तेव्हा आत आला.

"साब, मेरे को बोलना है, पण नाव नका टाकू," तो म्हणाला. "वो बिल्डर का मुन्शी है ना, त्याने मला सांगितलं होतं, कोई पूछे तर बोलायचं की शेठची फाईल तेरी रिक्षा में रह गयी. अर्जात माझ्या रिक्षाचा नंबर टाकला त्याने. एक हवालदार विचारायला पण आला होता. मैं हां बोल दिया."

"आणि फाईल?"

"फाईल कैसी, साब? शेठ कधी शेअर रिक्षात बसतो का? उसके पास गाडी है."

"मग आज कशाला आलास?"

तो खाली बघत म्हणाला, "उसी बिल्डिंग में मेरे साले ने रूम लिया है. मेरे को मालूमच नव्हतं, ती फाईल ह्याच्यासाठी होती."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. हात शिवशिवले. पण लगेच मनात आलं, याने न बघता 'हां' म्हटलं आणि मी न बघता सही केली. त्याला मारायचा अधिकार मला कुठून आला? मी त्याला चहा पाजला, नावानिशी सांगायला राजी केलं आणि जबाब घेतला.

मग मी जुनी गहाळ रजिस्टरं काढायला लावली. मुद्देमालाच्या खोलीत, गंजलेल्या सायकली आणि जप्त केलेल्या कापडाच्या ताग्यांमागे ती रचून ठेवलेली होती. मी आणि ठाण्याची लिखापढी करणारा रायटर हवालदार सकाळपासून पानं उलटत बसलो. दुपारी हवालदार म्हणाला, "साहेब, हे बघा. हीच परवानगी आधीपण हरवलीय."

दोन वर्षांत ती परवानगी चार वेळा हरवली होती. एकदा शेठच्या नावे, एकदा त्याच्या मेहुण्याच्या, एकदा मुन्शीच्या, एकदा भावाच्या. चारही वेळा ठिकाण धामणकर नाका, चारही वेळा शेअर रिक्षा, आणि चारही अर्जांत परवानगीचा जावक क्रमांक एकच. प्रत्येक नोंदीच्या आगेमागे त्या भागात त्याची एकेक बिल्डिंग उभी राहिली होती. एक दाखला मिळाला की त्याच्या झेरॉक्स काढून एक बिल्डिंग विकायची, पुढच्या बिल्डिंगला नवा दाखला. आमचं ठाणं म्हणजे या माणसाचा छापखाना झाला होता, आणि तो दिवसाढवळ्या, रांगेत उभा राहून, आमच्याच शिक्क्याने कागद छापून नेत होता. पहिल्या दोन आणि चौथ्या दाखल्यावर सही करणारे अधिकारी बदलून गेले होते. तिसरा दाखला सिस्टरांच्या बिल्डिंगचा. तो माझा.

रायटर माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "साहेब, सहीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? आहे ती आहे," मी खेकसलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत गेलो. अभिलेख खोलीतल्या कारकुनाने जावक रजिस्टर काढलं, चष्मा पुसला, बोट फिरवत आणलं आणि थांबला. त्या क्रमांकावर बांधकामाची परवानगी नव्हतीच. कुठल्याशा गावातल्या गुरांच्या कोंडवाड्याच्या दुरुस्तीचं पत्र होतं. कारकुनाला हसू आलं. मला नाही आलं. मी त्या नोंदीची प्रमाणित नक्कल मागून घेतली.

सातबारा काढला तर त्या जमिनीवर अजून भातच पिकत होता. चार मजली बिल्डिंग उभी, आणि कागदावर भात! जमिनीचा मूळ मालक, एक म्हातारा शेतकरी, त्याला गाठलं.

"शेड बांधतो म्हनला व्हता, लूमचा शेड," म्हातारा सांगू लागला. "आमी अंगठा दिला. बिनशेती-बिनशेती काय झाली न्हाय. कोन इचारायलाच आला न्हाय."

त्याचं ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. बत्तीस कुटुंबांतलं एकही माणूस सातबारा बघायला गेलं नव्हतं, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नव्हतो. पोलिसांचा दाखला हातात असताना कोण कशाला जाईल?

आता शेठला बोलावलं. आला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, सोबत वकील, आणि बसायच्या आधीच बाहेरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा मागवला. मी चहा परत पाठवला. वकिलाला बाहेर बसवलं. बरीच वर्षं नोकरी केलेल्या पोलिसाला एक गोष्ट कळते: खोटं बोलणाऱ्याला अडवायचं नसतं. त्याला बोलू द्यायचं, आणि तो बोलेल ते सगळं आदराने लिहून घ्यायचं.

"शेठ, परवानगी तुम्ही स्वतः पाहिली होती?"

"म्हणजे काय, साहेब! माझ्या हाताने आणली तहसीलमधून."

"किती पानं होती?"

"पाच. सोबत नकाशा."

"जावक क्रमांक?"

"तोच, जो अर्जात लिहिलाय. मी स्वतः टिपून घेतला होता. आपलं काम पक्कं असतं."

"चारही बिल्डिंगना हीच परवानगी?"

इथे त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मग हसला. "मोठी परवानगी होती, साहेब. सगळ्या जागेची मिळून."

"आणि ती चार वेळा हरवली?"

"झेरॉक्स हरवली, मूळ हरवली, आता लक्षात नाही राहत. कागद हरवला तर माझा काय गुन्हा?"

सगळं लिहून घेतलं. वाचून दाखवलं. त्याने झोकात सही केली. मग मी ती प्रमाणित नक्कल त्याच्यासमोर ठेवली.

"वाचा," मी म्हणालो. "मोठ्याने वाचा. तुम्ही स्वतःच्या हाताने आणलेल्या कागदाचा विषय काय आहे?"

त्याने वाचलं. मोठ्याने नाही. कोंडवाड्याच्या दुरुस्तीच्या पत्रावर या माणसाने बत्तीस बिऱ्हाडं वसवली होती, आणि अशा चार बिल्डिंगा. चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण माणूस पक्का होता. खिशातून गहाळ दाखल्याची झेरॉक्स काढून माझ्यापुढे सरकवली.

"साहेब, मी कुठला खोटा कागद केला? मी फक्त हरवल्याचं सांगितलं. दाखला तुम्ही दिला. लोकांनी विश्वास तुमच्यावर ठेवला. ही सही तुमचीच ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो जे बोलत होता ते खरं होतं. माझ्या रागाने टेबल हललं असेल, पण आवाज मी चढू दिला नाही. रायटरला म्हणालो, "लिहा. दाखल्यावरील सही उपनिरीक्षकांची असून ती त्यांनी मान्य केली आहे. माझा स्वतंत्र जबाब सिनिअर साहेबांसमोर नोंदवायचा." मग शेठकडे वळलो. "सही माझी आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल. पण तुम्ही आज इथून घरी जात नाही."

मुन्शीला वेगळ्या खोलीत बसवलं होतं. शेठला अटक झाल्याचं कळताच तो बोलता झाला. जावक क्रमांक त्याने दुसऱ्याच एका कामासाठी कचेरीत गेला असताना टेबलावर पडलेल्या पत्रावरून उचलला होता. परवानगी कधी मागितलीच नव्हती. मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून हरवली.

सिनिअर साहेब म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोयस." फसवणुकीचा आणि खोटी माहिती देऊन दाखले मिळवल्याचा गुन्हा दाखल झाला, मी साक्षीदार झालो म्हणून तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. माझी खात्याअंतर्गत चौकशी होऊन सेवापुस्तकात सक्त ताकीद लागली. शेठ काही दिवस कोठडीत राहिला आणि जामिनावर सुटला. हे लोक सुटतात. गाडीतून परत जाताना ठाण्यावरूनच गेला.

वाटलं होतं, गुन्हा सिद्ध होतोय तर घरं तरी वाचतील. उलट झालं. परवानगी नव्हतीच हे मीच पुराव्यानिशी शोधून काढलं होतं, आणि माझ्याच तपासाचा आधार घेऊन बिल्डिंग पाडायचा हुकूम कायम झाला. बंदोबस्त कुणाकडे? आमच्या ठाण्याकडे. मी सुट्टी मागू शकलो असतो. मागितली नाही. आपण केलेलं आपण बघावं म्हणून गेलो.

सकाळची अकराची वेळ. घण आणि पहारी घेऊन मजूर वर चढले होते. लोक भांडी, गाद्या, पंखे खाली उतरवत होते. एका माणसाने दाराची चौकटसुद्धा उपटून आणली. सिस्टरांना रजा मिळाली नसावी. त्या ड्युटीवरच्या पांढऱ्या साडीतच रिक्षाने आल्या. सासूला आधीच नातेवाइकांकडे पाठवलं होतं. त्या वर गेल्या आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती धुतलेल्या साडीत गुंडाळून घेऊन खाली आल्या. जिन्यात आमच्या एका शिपायाने मदतीला हात पुढे केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचे हात लागले तेवढे पुरे."

शिपायाला वाटलं त्याच्यावर रागावल्या. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो.

त्यानंतर जिथे जिथे माझी बदली झाली तिथे गहाळ दाखल्याचा गठ्ठा आला की मी एकेक अर्ज वाचायला लागलो. रेशनकार्ड, पासबुक, ठीक. पण जमीन, घर, परवानगी असं काही दिसलं की अर्जदाराला समोर उभा करायचो आणि विचारायचो, "हरवला ते कळलं. आधी होता कशावरून? झेरॉक्स दाखव, नाहीतर दिलेल्या कचेरीचं पत्र आण." लोक वैतागायचे. वरिष्ठांकडे तक्रारी जायच्या की हा अधिकारी साध्या दाखल्यासाठी छळतो. खुशाल जाऊ देत.

आणि घर घेणाऱ्यांना आज माझं एवढंच सांगणं आहे. परवानगीचा मूळ कागद नाही असं विकणारा म्हणाला, तर त्याची कारणं ऐकत बसू नका. ज्या कचेरीने परवानगी दिली म्हणतात तिथे स्वतः जा, जावक क्रमांक सांगा आणि नोंद डोळ्यांनी बघा. सातबारा बघा. घरपट्टीची पावती, लाइटचं बिल, पोलिसांचा दाखला, यातलं काहीही म्हणजे परवानगी नव्हे. हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. सिस्टर तोवर निवृत्त होऊन कल्याणला भाड्याच्या खोलीत राहत होत्या. साक्षीला आल्या. शेठच्या वकिलाने त्यांना नेमकं गाठलं.

"तुम्ही घर घेण्याआधी पोलीस अधिकाऱ्याला विचारलं होतं. त्यांनी कागद बरोबर आहेत असं सांगितलं. म्हणजे तुम्हाला फसवलं ते पोलिसांनी, माझ्या अशिलाने नाही. बरोबर?"

मी मागच्या बाकावर होतो. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. त्या म्हणाल्या, "नाही. साहेबांनी फक्त त्यांची सही ओळखली. परवानगी होती असं मला सांगितलं ते यांनी." आणि शेठकडे बोट दाखवलं.

शेठला पुढे शिक्षा लागली. तो अपिलात गेला. साक्ष संपल्यावर मी सिस्टरांना व्हरांड्यात गाठलं. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो.

"सिस्टर, माझं चुकलं. मलाही त्याची शिक्षा झाली. सेवापुस्तकात ताकीद लागली, बढती मागे पडली."

त्यांनी पिशवीतून रुमाल काढून चष्मा पुसला, परत डोळ्यांवर लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"साहेब, मी कोर्टात खरं होतं ते सांगितलं, तुम्हाला वाचवायला नाही. तुमची बढती मागे पडली, ती नंतर मिळाली असेल. माझी सासू भाड्याच्या खोलीत मेली. तुमचं आणि माझं एका ओळीत नका धरू."

मी ते पुन्हा कधी धरलं नाही.